पहिल्या घराचा विमा: किती रकमेचा, कोणता आणि कधीपासून

गृहकर्जाच्या सह्या चालू असताना बँकेकडून विम्याचाही एक कागद येतो. घाईत त्यावरही सही होते आणि 'घराचा विमा झाला' असं समजून माणूस निर्धास्त होतो. तो कागद पुष्कळदा घराच्या विम्याचा नसतोच. कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज फेडणारा तो आयुर्विमा असतो. घराला आग लागली, पुराचं पाणी शिरलं किंवा भूकंपात भिंती फाटल्या, तर त्या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही.

कर्जाशी जोडलेला हा आयुर्विमा घेण्याची कायद्याने सक्ती नाही. त्याचा एकरकमी प्रीमियम बहुधा कर्जातच मिळवला जातो, म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षं त्यावरही व्याज भरायचं. तो नको असेल किंवा वेगळी टर्म पॉलिसी स्वस्त पडत असेल तर तसं लेखी कळवा आणि सँक्शन लेटरमधली (कर्जमंजुरीच्या पत्रातली) कर्जाची रक्कम पुन्हा तपासा. प्रीमियम गुपचूप मिळवलेला असेल तर तो तिथे दिसतो.

घराच्या बांधकामाचा विमा मात्र कर्जाच्या करारात सहसा अट म्हणून असतो. अट मान्य करा, पण कंपनी तुम्ही निवडा. बँकेने सुचवलेल्याच कंपनीची पॉलिसी घेतली पाहिजे असं बंधन नाही. बँकेला फक्त पॉलिसीवर आपलं नाव हवं असतं. याला 'अ‍ॅग्रीड बँक क्लॉज' म्हणतात आणि त्यामुळे क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात. कर्ज फिटल्यावर ना-हरकत पत्र देऊन हे नाव काढून घ्यायला लोक विसरतात. मग क्लेमच्या वेळी, आपलं काहीच घेणं नसलेल्या बँकेचे उंबरे झिजवावे लागतात.

आता घराच्या विम्याबद्दल. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक संस्था आयआरडीएआयने 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आणली. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावीच लागते आणि तिचा मूळ मजकूर सगळीकडे सारखा असतो. त्यामुळे पहिल्या घरासाठी ही पॉलिसी पाया म्हणून धरावी आणि कंपन्यांची तुलना प्रीमियम, जोडकव्हर (जादा पैसे भरून मिळणारं वाढीव संरक्षण) आणि क्लेमची वागणूक यांवर करावी. आकर्षक नावाचं पॅकेज पुढे आलं की पहिला प्रश्न हाच: भारत गृह रक्षात जे मिळतं त्यातलं यात काय कमी आहे?

विम्याची रक्कम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून याला वेळ द्या. घर ९० लाखांना घेतलं आणि कर्ज ७० लाखांचं आहे, तर विमा किती रकमेचा? कोणी ९० सांगतो, कोणी ७०. दोन्ही आकडे चूक. घराच्या किमतीत जमिनीचा वाटा, जागेचं महत्त्व, बिल्डरचा नफा, मुद्रांक शुल्क असं सगळं असतं. आगीत जमीन जळत नाही. विमा काढायचा तो घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा. जास्त रकमेचा विमा काढला तर प्रीमियम त्या जास्त रकमेवर जातो, पण क्लेम मात्र दुरुस्तीच्या किंवा पुनर्बांधणीच्या खर्चापुरताच मिळतो.

भारत गृह रक्षात हिशेब सरळ आहे: कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) गुणिले पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशीचा बांधकामाचा दर. कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये लागतो; चौरस फुटाच्या आकड्याला १०.७६४ ने भागा. तो नोंदणीकृत करारनाम्यातून घ्या, जाहिरातीतून नको. रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) आल्यानंतरच्या करारांत तो स्पष्ट लिहिलेला असतो. जुन्या रीसेल फ्लॅटच्या कागदांत मात्र बिल्ट-अप (भिंती आणि बाल्कनी धरून) किंवा सुपर बिल्ट-अप (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटाही धरून) क्षेत्र लिहिलेलं आढळतं. तिथे टेप लावून मोजून घेणं बरं.

खरी अडचण दराची. कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट येत नाहीत, पण घर पुन्हा बांधताना त्यांचाही खर्च होतोच. आणि कंत्राटदार दर सांगतो तो बिल्ट-अपवर. त्यामुळे त्याचा दर जसाच्या तसा कार्पेटला लावला तर रक्कम कमी पडते. समजा, कार्पेट ६५० चौरस फूट आहे, बिल्ट-अप ७८० आणि इंजिनिअरने बिल्ट-अपचा दर २,९०० रुपये सांगितला (आकडे फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहेत). ७८० गुणिले २,९०० म्हणजे २२ लाख ६२ हजार. याला ६५० ने भागलं की कार्पेटवरचा दर चौरस फुटाला ३,४८० रुपये येतो, म्हणजे चौरस मीटरला (गुणिले १०.७६४) साधारण ३७,४५९ रुपये. हा चौरस मीटरचा दर आणि ६०.३९ चौरस मीटर हे क्षेत्र घेऊन विमा काढायचा, म्हणजे साधारण साडेबावीस लाखांचा. ९० लाखांच्या घरासाठी हा आकडा पाहून लोक दचकतात, पण बरोबर तोच आहे.

दर विचारताना इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. दरात वायरिंग, प्लंबिंग, फरशी, खिडक्या, रंग धरलाय का? आणि इमारत किती मजली धरलीय? उंच इमारतीचा पाया आणि सांगाडा महाग पडतो, त्यामुळे बैठ्या घराचा दर टॉवरमधल्या फ्लॅटला चालत नाही. राज्याच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यासोबत बांधकामाचे सरकारी दरही येतात. ताळा करायला ते ठीक आहेत, पण ते मुद्रांक शुल्काच्या मूल्यांकनासाठी असतात. रक्कम त्यांवर बेतू नका.

स्वतंत्र बंगला किंवा रो-हाउस असेल तर कुंपणाची भिंत, गेट, गॅरेज, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गच्चीवरचे सोलर पॅनल यांची किंमत वेगळी लिहून द्या. ही बांधकामं पॉलिसीत बसतात, पण कार्पेटच्या गुणाकारात येत नाहीत.

या पॉलिसीत दोन मोठ्या सवलती आहेत. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत २० लाखांच्या बांधकामाचा १० लाखांचाच विमा असेल तर ४ लाखांच्या नुकसानीवर कंपनी २ लाख देऊन मोकळी व्हायची. भारत गृह रक्षात ही प्रमाणशीर कपात नाही. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळतं. पण म्हणून रक्कम मुद्दाम कमी ठेवू नये. घर पूर्ण गेलं तर हातात तेवढीच रक्कम येते. आणि कार्पेट एरियाच चुकीचा लिहिला असेल तर वादाला आयतं निमित्त मिळतं. दुसरी सवलत अशी की बांधकामाची विमा रक्कम दरवर्षी मूळ रकमेच्या १० टक्क्यांनी, जादा प्रीमियम न घेता, आपोआप वाढते आणि दहा वर्षांच्या पॉलिसीत दुपटीपर्यंत जाते. शिवाय आर्किटेक्ट, सर्व्हेअर, इंजिनिअरची फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हटवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत वेगळा मिळतो. तो धरून रक्कम फुगवायची गरज नाही.

काय भरून मिळतं आणि काय नाही

आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, त्सुनामी, दरड, जमीन खचणं, वणवा, वाहन किंवा झाड घरावर आदळणं, दंगल आणि हेतुपुरस्सर नासधूस, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. भूकंप किंवा दहशतवादासाठी वेगळे पैसे मागितले तर कशासाठी ते विचारा. 'आमच्याकडे भूकंप होत नाही' म्हणून कमी कव्हरची पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला तो परिसर तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

घर राहण्याजोगं होईपर्यंतचं पर्यायी जागेचं भाडं, किंवा घर भाड्याने दिलं असेल तर बुडालेलं भाडं, हेही यात येतं. क्लेम करताना लोक हे मागायलाच विसरतात.

आता नकार कुठे येतात ते. पहिला नंबर ओल आणि गळतीचा. वरच्या बाथरूममधून हळूहळू झिरपणारं पाणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्याने आलेली ओल, बाहेरच्या भिंतीतून पावसात येणारा दमटपणा ही झीज आणि देखभालीची बाब धरली जाते. पाइप अचानक फुटला तर तो क्लेम. पाइपाच्या जोडातून दोन वर्षं थेंब थेंब गळत होतं, तर नाही. विमा कंपनीकडून नुकसान पाहायला येणारा सर्व्हेअर प्लास्टरवरचे जुने डाग, क्षार, बुरशी पाहून हे सहज ओळखतो.

दुसरा नकार नव्या इमारतीच्या भेगांचा. जमीन खचण्याचं कव्हर असलं तरी नवं बांधकाम बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भराव टाकलेल्या जमिनीचं बसणं, सदोष आराखडा किंवा निकृष्ट कामामुळे झालेलं नुकसान त्यात येत नाही. ताब्यापासून पाच वर्षांत असे संरचनात्मक दोष दिसले तर रेरा कायद्यानुसार बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्ती करायची असते. तिथे विमा कंपनीशी भांडत वेळ घालवू नका, बिल्डरला लेखी नोटीस द्या. आणि शेजारचं खोदकाम किंवा स्वतःच्या घरात तोडलेली भिंत यामुळे जमीन खचली तर तेही वगळलेलं आहे. इंटिरिअरवाल्याने बीम-कॉलमला हात लावू नये याचं हेही एक कारण.

तिसरा, शॉर्टसर्किट. ज्या उपकरणात शॉर्टसर्किट झालं ते उपकरण वगळलं जातं. त्यातून आग पसरून पडदे, सोफा, छत जळलं तर ते मिळतं. फ्रिज नुसताच जळून बंद पडला तर मूळ पॉलिसीतून काही मिळत नाही; त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं वेगळं कव्हर लागतं.

चौथा आणि सर्वांत गैरसमजाचा म्हणजे चोरी. भारत गृह रक्षा हा घरफोडीचा विमा नाही. पूर, आग अशा विमित घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळे झालेली चोरी तेवढी यात येते. एरवी कुलूप तोडून कोणी टीव्ही नेला तर या पॉलिसीचा उपयोग नाही. घरफोडीचं कव्हर वेगळं मागून घ्या आणि त्यात दोन वाक्यं शोधा. एक, घर किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं? दोन, जबरदस्तीने प्रवेश झाल्याच्या खुणा असणं बंधनकारक आहे का? बाहेरगावी नोकरी करणाऱ्यांनी पहिलं वाक्य आणि घरकामाला माणसं असलेल्यांनी दुसरं नीट वाचावं.

रोख रक्कम, नाणी, कागदपत्रं, वाहनं हीसुद्धा मूळ कव्हरबाहेर राहतात. घराच्या मालकीहक्कावरचा वाद हा तर वेगळाच विषय. तो कोणत्याच गृहविम्यात नाही.

घरातलं सामान आणि दागिने

बांधकामाचा विमा काढला की सामानाचं कव्हर आपोआप मिळतं: विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि तेही यादी न देता. वरच्या उदाहरणात ते साधारण साडेचार लाख होतं. नव्या घरात मॉड्युलर किचन, दोन एसी, वॉर्डरोब, सोफा, बेड, फ्रिज, वॉशिंग मशीन अशी बेरीज केली तर साडेचार लाख चटकन संपतात. जास्त हवं असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. यादीत किंमत लिहायची ती तसंच नवं घ्यायला लागणारी, आजची.

मॉड्युलर किचन आणि भिंतीत बसवलेली कपाटं बांधकामात धरायची की सामानात, यावरून क्लेमच्या वेळी हमखास घोळ होतो. प्रस्ताव भरतानाच कंपनीला ई-मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. एजंटच्या तोंडी हमीला किंमत नाही.

दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांसाठी मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक कव्हर घ्यावं लागतं. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. त्याहून जास्त असेल तर सराफाचा किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला द्यावा लागतो. या कव्हरमध्येही साधी चोरी येत नाही हे लक्षात ठेवा. लग्नसमारंभात अंगावर असताना हरवलेला दागिना तर नाहीच. त्यासाठी 'ऑल रिस्क' प्रकारचं कव्हर असतं, महाग असतं, आणि दागिने वर्षभर लॉकरमध्ये राहणार असतील तर घरच्या पॉलिसीत त्यासाठी पैसे घालवणं फारसं शहाणपणाचं नाही.

फ्लॅट असेल तर सोसायटीची पॉलिसी

फ्लॅटचे कॉलम, पाया, जिना, लिफ्ट, पंप, गच्ची यांवर तुमच्या एकट्याचा हक्क नसतो. इमारतीचा विमा सोसायटीने काढायचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही तशी तरतूद आहे. सेक्रेटरीकडून चालू पॉलिसीची प्रत मागा आणि मुदत, रक्कम, तसंच रक्कम फक्त सामाईक भागाची आहे की सगळ्या फ्लॅटसह पूर्ण इमारतीची, एवढं पाहा. पुष्कळ सोसायट्यांत पॉलिसी असते, पण रक्कम दहा वर्षांपूर्वीची असते. काही ठिकाणी फक्त लिफ्टचाच विमा असतो आणि सदस्य 'सोसायटीचा इन्शुरन्स आहे' म्हणून निश्चिंत असतात.

सोसायटीने पूर्ण इमारतीचा विमा काढला असला तरी तुमच्या आतल्या फरश्या, फर्निचर, सामान यांची जबाबदारी तुमचीच. आणि एक अवघड प्रश्न खरेदीआधीच कंपनीला लेखी विचारा: सगळी इमारतच कोसळली, तर माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा क्लेम कसा देणार? एकटा फ्लॅट हवेत बांधता येत नाही. पुनर्बांधणी सोसायटीच्या निर्णयावर अडते. काही कंपन्या यासाठी आधी ठरवलेल्या मूल्यावर आधारित पॉलिसी देतात. तिचा प्रीमियम बराच जास्त असतो आणि पैसे मिळण्याच्या अटीही वेगळ्या असतात. त्या अटी वाचल्याशिवाय ती घेऊ नका.

कधीपासून, किती वर्षांसाठी

बांधकाम चालू असलेल्या इमारतीची जोखीम बिल्डरची असते. तुमची पॉलिसी चावी हातात येते त्या तारखेपासून सुरू करा. राहायला दोन महिन्यांनी जाणार असलात तरी तारीख ताब्याचीच ठेवा, कारण इंटिरिअरच्या काळात वेल्डिंग, पॉलिश, थिनर, तात्पुरती वायरिंग यांमुळे आगीचा धोका उलट वाढतो. रीसेल घर असेल तर आधीच्या मालकाची पॉलिसी आपसूक तुमच्या नावावर होत नाही. खरेदीखताच्या दिवसापासून स्वतःची घ्या.

मुदत दहा वर्षांपर्यंत मिळते. एकरकमी दीर्घ मुदतीत नूतनीकरण चुकण्याची भीती नसते आणि सवलतही मिळते. पण चार-पाच वर्षांत घर विकायचा विचार असेल तर एक किंवा तीन वर्षांची घ्या. २०२४ च्या नियमांनंतर किरकोळ ग्राहकाला कारण न देता पॉलिसी रद्द करून उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मागता येतो (एका वर्षाच्या पॉलिसीत त्या वर्षी क्लेम घेतलेला नसावा). सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी माफ झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा. गृहविम्यावरचा १८ टक्के तसाच आहे. कोटेशन तुलना करताना सगळी जीएसटीसह किंवा सगळी जीएसटीविना मागा.

प्रस्तावात पत्ता करारनाम्याप्रमाणे, मालकांची सगळी नावं, इमारतीचं वर्ष आणि वापर खरा लिहा. एका खोलीत क्लास, क्लिनिक किंवा मालाचा साठा असेल तर लपवू नका. पुढे कधी बाल्कनी आत घेतली किंवा खोली वाढवली आणि कार्पेट १० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर कंपनीला कळवून जादा प्रीमियम भरावा लागतो. नाहीतर ती वाढीव जागा कव्हरबाहेर राहते.

तीन कंपन्यांकडून कोटेशन घेतलीत तरी पुरे. एकच क्षेत्र, एकच दर, एकच मुदत सगळ्यांना द्या, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, त्यात प्रत्येक क्लेममधून स्वतः सोसायची रक्कम आणि जोडकव्हरच्या मर्यादा पाहा.

क्लेमची वेळ आली तर

गॅस आणि मेन स्विच बंद करून माणसं बाहेर काढल्यावर पहिलं काम फोटो आणि व्हिडिओ. मग कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी किंवा नासधूस असेल तर पोलिसांत फिर्याद, पूर असेल तर महसूल खात्याचा पंचनामा मिळवा. क्लेम फॉर्म ३० दिवसांत द्यायचा असतो. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री घालणं, पाणी उपसणं जरूर करा. भिजलेली गादी, जळलेलं फर्निचर मात्र सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नका. दुरुस्तीचा अंदाज ठोक आकड्यात न आणता कामवार आणा: किती चौरस फूट प्लास्टर, किती फरशी, किती वायरिंग. ठोक आकड्यातून सर्व्हेअर सरसकट कापतो, कामवार अंदाजात त्याला प्रत्येक कपातीचं कारण द्यावं लागतं.

पॉलिसी, करारनामा, खरेदीची बिलं आणि खोलीनिहाय फोटो घराबाहेरही कुठेतरी असू द्या, ई-मेलवर किंवा नातेवाइकांकडे.

रक्कम कमी वाटली तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या पावतीवर सही करण्याआधी हरकत लेखी नोंदवा आणि सर्व्हे अहवालाची प्रत मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.